दोन गुणोत्तरांचा ताळा : प्रस्तावना

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाताना मुदाळतिट्ट्याच्या अलीकडे लागणारे, दूधगंगेच्या खोऱ्यातले बिद्री हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः तेथील श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे. आणि ज्या पंचक्रोशीचा सारा अर्थव्यवहार उसाच्या वजनावर, साखरेच्या उताऱ्यावर आणि टनाच्या दरावर उभा आहे, तेथे गुणोत्तर व प्रमाण हा विषय शाळेच्या फळ्यापुरता मर्यादित राहणे शक्यच नाही. या पुस्तकाचे लेखक याच परिसरात गणिताचे अध्यापन करीत आले आहेत. दोन गुणोत्तरे एकमेकांशी प्रमाणात आहेत की नाहीत, हे ओळखावे कसे, एवढ्या एकाच प्रश्नावर त्यांनी एक संपूर्ण पुस्तक लिहिले, याचे प्रथमदर्शनी कोणास नवल वाटेल. सहावी-सातवीच्या पाठ्यपुस्तकात जो विषय चार-दोन पानांत आटोपतो, त्यासाठी एवढा विस्तार कशाला, अशी ही शंका आहे, आणि तिचे उत्तर देणे हे प्रस्तावनाकाराचे पहिले कर्तव्य आहे.

प्रश्नाचा सोपा भाग खरोखरच सोपा आहे. वीस गुंठ्यांत अठ्ठावीस टन ऊस निघाला आणि शेजारच्या तीस गुंठ्यांत बेचाळीस टन निघाला, तर दोन्ही रानांचे उत्पन्न क्षेत्राच्या मानाने सारखेच आहे काय? २० : २८ आणि ३० : ४२ ही दोन गुणोत्तरे मांडावी, पहिल्या व शेवटच्या पदांचा गुणाकार करावा, मधल्या दोन पदांचा करावा; दोन्हीकडे ८४० येतात, म्हणून चारही पदे प्रमाणात आहेत. कोणी दोन्ही गुणोत्तरांना संक्षिप्त रूप देऊन १० : १४ आणि १० : १४ अशा एकाच पायरीवर आणील व आणखी खाली ५ : ७ पर्यंत उतरेल, कोणी एकमान पद्धतीने गुंठ्यास १.४ टन असा दर काढील. वाटा निरनिराळ्या, मुक्काम एकच. परंतु येथे जे सिद्ध झाले ते एवढेच, की या चार संख्या प्रमाणात आहेत. त्यावरून साठ गुंठ्यांत चौऱ्याऐंशी टन निघतीलच, किंवा खताची मात्रा दुप्पट केल्यास उत्पन्नही दुप्पट होईल, असे मात्र मुळीच सिद्ध होत नाही. संख्या प्रमाणात असणे ही एक गोष्ट, आणि त्या संख्या ज्या राशींचे मोजमाप आहेत त्या राशींमध्येच प्रमाणाचा संबंध असणे ही दुसरी गोष्ट. पहिलीचा निर्णय गुणाकार करतो. दुसरीचा निर्णय व्यवहाराचे ज्ञान, निरीक्षण आणि विवेक यांवाचून होत नाही. हा भेद आमच्या शिक्षणात पुसट झाला आहे, आणि तो पुन्हा ठसठशीत करणे हेच प्रस्तुत पुस्तकाचे प्रयोजन आहे.

आपल्याकडे या विषयाची परंपरा दीर्घ आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात त्रैराशिकाची रीत सांगितली, ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ती विस्ताराने मांडली, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, तिला जे स्थान प्राप्त झाले ते अन्य कोणत्याही रीतीस नाही; भगवंताने जसे विश्व व्यापिले आहे तसे त्रैराशिकाने सारे पाटीगणित व्यापिले आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले आहेत. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी ज्ञात असता फलास इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे, म्हणजे इच्छाफल मिळते. पुढे पंचराशिक, सप्तराशिक, नवराशिक, एकादशराशिक असा विस्तार आहे. पण माझ्या मते आचार्यांची खरी थोरवी दिसते ती व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात. इच्छा वाढली असता फल घटत असेल, अथवा इच्छा घटली असता फल वाढत असेल, तर सरळ त्रैराशिक लावू नये, उलट लावावे, असे ते बजावतात; आणि जनावराचे वय व त्याची किंमत, सोन्याचा कस व त्याचे वजन, आणि निरनिराळ्या मापांनी मोजलेली धान्याची रास, अशी त्याची स्थळेही नेमून देतात. सात आढकांच्या मापाने मोजलेली रास शंभर मापे भरली, तर पाच आढकांच्या मापाने ती किती भरेल? एकशे चाळीस. माप लहान झाले की मापांची संख्या वाढणार, हे खळ्यावर पायलीने रास मोजणाऱ्या कोणाही कुणब्यास सांगावे लागत नाही. पण पाटी घेऊन बसलेला विद्यार्थी सात, शंभर आणि पाच हे आकडे दिसताच सरळ त्रैराशिक लावून मोकळा होतो. रीत लावण्यापूर्वी संबंध पाहा, हा दंडक मराठी मुलखाशी निकटचा संबंध असलेल्या एका आचार्याने साडेआठशे वर्षांपूर्वी घालून दिलेला आहे.

त्याच तीन स्थळांपैकी वय व किंमत यांचे उदाहरण मात्र विचारात पाडणारे आहे. मापांची संख्या मापाच्या आकाराशी व्यस्त प्रमाणात असते हा वस्तुस्वभाव होय. परंतु बैलाचे कामाचे वय तिप्पट झाले म्हणजे त्याचे मोल बरोबर तृतीयांश होते, हा वस्तुस्वभाव नव्हे, ती बाजाराची तत्कालीन रूढी. दोन्ही एकाच सूत्राखाली आल्यामुळे निसर्गाने ठरविलेले प्रमाण आणि माणसांनी मान्य केलेले प्रमाण यांतील अंतर झाकले जाते. हे अंतर प्रस्तुत लेखकांनी अचूक हेरले आहे, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याच्या विवेचनास दिला आहे.

भास्कराचार्यांच्या या विद्येला राजाश्रय कसा लाभला त्याचा पुरावा चाळीसगावजवळील पाटण येथे दगडावर कोरलेला आहे. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. शके ११२८ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी तेथील बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी कोणते उत्पन्न लावून दिले त्याचा तपशील मराठीत आहे. गणिताच्या अभ्यासासाठी वसूल होणारा हा बाजारहिस्सा स्वतः एक प्रमाणाचाच व्यवहार होता, आणि तो लोकांना समजावा म्हणून लोकांच्या भाषेत लिहिला गेला, ही गोष्ट मराठीत गणित लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ग्रीकांचा मार्ग निराळा. त्यांस बाजारभावापेक्षा तत्त्वाची चिंता अधिक. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण यांचे गुणोत्तर कोणत्याही दोन पूर्णांकांनी सांगता येत नाही, असे आढळून आल्यावर ‘प्रमाणात असणे’ म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न तेथे उभा राहिला. त्याचे उत्तर इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युडॉक्ससने दिले आणि युक्लिडच्या पाचव्या पुस्तकात ते ग्रथित झाले: पहिल्या व तिसऱ्या राशीच्या कोणत्याही समान पटी घ्या, दुसऱ्या व चौथ्या राशीच्या कोणत्याही समान पटी घ्या, पहिल्या जोडीत जी मोठी, सारखी वा लहान ठरेल, तीच दुसऱ्या जोडीत प्रत्येक वेळी तशीच ठरत असेल, तर ती गुणोत्तरे एक. यात कोठेही भागाकार नाही, अपूर्णांक नाही, केवळ तुलना आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांनी, १८७२ मध्ये, जर्मन गणिती डेडेकिंट याने वास्तव संख्यांची जी व्याख्या केली तिचे या व्याख्येशी असलेले नाते गणिताच्या इतिहासात सर्वमान्य आहे. त्रैराशिकवाल्यांनी उत्तर काढण्याची कला पूर्णत्वास नेली, ग्रीकांनी उत्तराचा अर्थ निश्चित केला. चीनच्या प्राचीन ‘नऊ प्रकरणां’त धान्याच्या अदलाबदलीची गणिते त्रैराशिकाच्याच जातीची आहेत, आणि १२०२ मध्ये फिबोनाचीने ही रीत युरोपच्या व्यापाऱ्यांस शिकविली. आजचा बीजगणिती मार्ग, ज्यात एक राशी दुसरीच्या स्थिर पटीत असते आणि तिचा आलेख आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा असतो, तो या दोन्ही प्रवाहांच्या संगमानंतरचा.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत ही विद्या पंतोजींच्या शाळेत तोंडपाठ होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी या पाढ्यांनी मुलाच्या जिभेवर अपूर्णांक खेळत, आणि रुपयाचे सोळा आणे, पायलीचे चार शेर, एकराचे चाळीस गुंठे अशा निरनिराळ्या पायांवर उभ्या असलेल्या मापांतून तो विनासायास ये-जा करी. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, त्यामागोमाग दशमान वजने-मापे आली, आणि हे पाढे मागे पडले. त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. दशमान पद्धतीने सामान्य माणसाचा हिशेब सुलभ केला. परंतु दोन मापांमधील गुणोत्तर पदोपदी मनात धरण्याची जी सवय त्या अडचणीतून लागत असे, ती जाऊन तिच्या जागी दुसरी काही आली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मराठीतून छापील गणित देण्याचे काम जॉर्ज जर्व्हिस याच्या पाठ्यपुस्तकांनी सुरू झाले, केरो लक्ष्मण छत्रे यांनी ते पुढे नेले. आणि याच मालिकेत कागलचा एक विद्यार्थी येतो, ज्याच्याविषयी येथे थोडे थांबून लिहिणे अगत्याचे आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. परंतु त्यांचे वडील कागलास नोकरीत असल्याने त्यांचे प्राथमिक शिक्षण कागलात झाले आणि पुढील कोल्हापुरात. बिद्री ज्या तालुक्यात मोडते त्याच तालुक्याच्या गावी या मुलाने पाढे म्हटले. पुढे पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत असता त्यांनी अंकगणिताचे जे इंग्रजी पाठ्यपुस्तक तयार केले ते दीर्घकाळ शाळांतून चालले. लोक गोखल्यांस राजकारणी म्हणून ओळखतात. मला मात्र त्यांचे २६ मार्च १९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण गुणोत्तराच्या अचूक उपयोगाचा नमुना वाटतो. सरकारी तिजोरीत शिल्लक पडते आहे, त्याअर्थी प्रजा सुखी आहे, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. गोखल्यांनी त्या शिल्लकेचे मूळ विनिमयाच्या दरात दाखविले. विलायतेस दरवर्षी पौंडांत भरणा करावा लागे. रुपया सुमारे १३ पेन्सांचा होता तेव्हा २४० पेन्सांच्या एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत; तोच रुपया १६ पेन्सांचा ठरविल्यावर पंधरा पुरू लागले. रुपयाचे पेन्स आणि पौंडाचे रुपये ही व्यस्त प्रमाणातील जोडी; एक वाढली की दुसरी घटणारच. कर जुन्या, कठीण काळी चढविलेले, ते तसेच राहिले, खर्चाची बाजू मात्र दराच्या फेरामुळे हलकी झाली. शिल्लक पडली ती यामुळे, रयतेच्या भरभराटीमुळे नव्हे. दोन गोष्टी बरोबरीने वाढल्या म्हणून त्या एकमेकींच्या प्रमाणात आहेत असे समजू नये, हा धडा यापेक्षा गंभीर प्रसंगी क्वचितच कोणी दिला असेल.

आता वर्तमानाकडे येऊ. हा विषय आज निकडीचा का, हे पाहावयास उसाच्या रास्त व किफायतशीर दराइतके चांगले उदाहरण मला दुसरे आढळत नाही. केंद्र सरकार दर हंगामास एक पायाभूत उतारा (उसाच्या वजनाशी निघालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण) आणि त्याचा दर जाहीर करते, आणि उतारा त्याहून जितका अधिक असेल तितकी प्रत्येक ०.१ टक्क्यास वाढ देते. २०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्यास क्विंटलला २९० रुपये आणि प्रत्येक ०.१ टक्क्यास २.९० रुपये अशी तरतूद होती. ताळा करून पाहा: २९० गुणिले ०.१ म्हणजे २९, आणि १० गुणिले २.९० म्हणजेही २९. दोन्ही गुणोत्तरे तंतोतंत प्रमाणात. २०२२-२३ मध्ये पायाभूत उतारा १०.२५ झाला, दर ३०५ रुपये झाला, वाढ ३.०५ रुपये झाली. आकडे डोळ्यांस सुबक दिसतात, पण ताळा जुळत नाही; एका बाजूस ३०.५० येतात, दुसऱ्या बाजूस ३१.२६. दराचा शंभरावा हिस्सा ही जुनी वाढ कायम राहिली आणि तिच्या खालचा पाया मात्र सरकला. ज्याचा उतारा १२.२५ आहे त्यास या सूत्राने ३६६ रुपये मिळतात, शुद्ध प्रमाणाने सुमारे ३६४.५१ मिळाले असते. टनामागे पंधरा रुपयांच्या आसपासचा हा फरक कोल्हापूरकडील चढ्या उताऱ्याच्या उसास लाभदायकच होता. पुढल्या हंगामात ३१५ रुपयांस ३.०७, २०२४-२५ मध्ये ३४० रुपयांस ३.३२, २०२५-२६ मध्ये ३५५ रुपयांस ३.४६, हे आकडे पुन्हा प्रमाणात आहेत. गुणाकारांत जो किंचित फरक उरतो तो केवळ पैशापर्यंत केलेल्या पूर्णांकनाचा. कोणता फरक पूर्णांकनाचा म्हणून सोडून द्यावा आणि कोणता सूत्राचा म्हणून धरून बसावा, याचे तारतम्य हेसुद्धा प्रमाण ओळखण्याच्या विद्येचेच अंग होय.

याच दरात आणखी एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. उतारा साडेनऊ टक्क्यांहून कितीही कमी असो, दर साडेनऊ टक्क्यांच्या दराखाली उतरत नाही. २०२४-२५ मध्ये तो ३१५.१० रुपयांवर थांबला. ८.५ टक्के उताऱ्यास निव्वळ प्रमाणाने २८१.९५ रुपयेच आले असते. येथे प्रमाण बुद्ध्याच मोडले आहे, आणि ते उत्पादकाच्या रक्षणासाठी मोडले आहे. म्हणजे प्रमाण जुळले नाही की कोणीतरी लबाडी केली, असा निष्कर्षही उतावीळपणाचा ठरेल. ताळा न जुळणे ही विचाराची सुरुवात आहे. तेथून पुढे कारण शोधावयाचे असते.

सहकारात तर हा विवेक कायद्यातच गोवलेला आहे. सभासदाच्या उसाचे बिल उसाच्या वजनाच्या प्रमाणात, लाभांश भागांच्या प्रमाणात; परंतु मत मात्र एकास एकच, मग त्याचे भाग कितीही असोत. ज्याचे रान मोठे त्याचे बिल मोठे असावे हे न्याय्य, आणि त्याचा शब्दही तितकाच मोठा असावा हे अन्याय्य, अशी ही भूमिका. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात वाटणीचा न्याय चार पदांच्या प्रमाणाने मांडला: दोन व्यक्ती आणि त्यांचे दोन वाटे. वाटे व्यक्तींच्या योग्यतेच्या प्रमाणात असावेत हे सर्व मान्य करतात, तंटा होतो तो योग्यता कशाने मोजावी यावर, हे त्याचे निरीक्षण कोणत्याही वार्षिक सभेच्या मंडपात बसणाऱ्यास आजही पटेल.

गेल्या शतकात मानसशास्त्रज्ञांनीही या विषयात पुष्कळ लक्ष घातले. पियाजे याने प्रमाणबुद्धी ही बालवयाच्या अखेरीस, अमूर्त विचाराबरोबर परिपक्व होते असे मत मांडले. रॉबर्ट कार्प्लस याने मुलांस दोन चित्राकृतींच्या उंचीचा प्रश्न घातला: ठेंगू माणूस चार गुंड्यांएवढा आणि सहा कागदी क्लिपांएवढा उंच, उंच माणूस सहा गुंड्यांएवढा, तर क्लिपा किती? पुष्कळ मुले आठ म्हणतात. दोन गुंड्या वाढल्या, म्हणून दोन क्लिपा वाढवाव्या. उत्तर नऊ आहे. पट पाहण्याऐवजी बेरीज पाहण्याची ही चूक जगभर आढळते. याच्या उलट चूक म्हणजे जेथे प्रमाण नाही तेथेही ते लादणे. प्लेटोच्या संवादातला मुलगा चौरसाचे क्षेत्र दुप्पट करण्यासाठी बाजू दुप्पट करतो, आणि आमच्याकडे ३३ फूट बाजूच्या चौरसाचा एक गुंठा, तर ६६ फुटांच्या चौरसाचे किती, असे विचारल्यास ‘दोन’ हे उत्तर मोठ्या माणसांकडूनही येते. येतात चार. तिसरा प्रवाह नुनेस, श्लीमान आणि कॅरेहर या अभ्यासकांचा. त्यांनी ईशान्य ब्राझीलच्या कोळ्यांत हिंडून दाखविले की ताज्या मासळीतून प्रक्रिया केलेली किती निघेल, आणि उलट, ठरावीक तयार मालास ताजी किती लागेल, हे शाळेत फारसे न गेलेले लोक बरोबर सांगतात. रसाचा भरणा पाहून आधणाला किती रवे पडतील याचा अदमास बांधणारा आमचा गुळव्या याच पंक्तीतला. पियाजेपंथीयांना ज्याच्यासाठी अमूर्त विचार हवा, ते कोळ्याच्या आणि गुळव्याच्या हातात मूर्त कामातून येते. लेखकांचा कल स्पष्टपणे या तिसऱ्या पक्षाकडे आहे, आणि माझाही आहे; पण त्यांनी पहिल्या दोहोंस डावलले नाही.

ग्रंथाची मांडणी इतिहासक्रमाने नाही, पाठ्यक्रमाच्या क्रमानेही नाही. वजनकाट्याची पावती, खातेउतारा, गुऱ्हाळाची वही, दूध संस्थेची स्लिप, पिकाची पैसेवारी असे कागद वाचकापुढे ठेवून, यांतील कोणत्या दोन स्तंभांत प्रमाण आहे, कोणत्यांत व्यस्त प्रमाण आहे, कोणत्यांत ते एका मर्यादेपर्यंतच आहे आणि कोणत्यांत आहे असा केवळ भास होतो, हे त्यास शोधावयास लावले आहे. पैसेवारीचे विवेचन मला विशेष मोलाचे वाटले. उभ्या पिकाचे प्रमाणभूत उत्पन्नाशी गुणोत्तर काढून ते पन्नास पैशांच्या आत आले की टंचाईच्या सवलतींचा मार्ग खुला होतो. पण कापणीच्या प्रयोगासाठी निवडलेला जमिनीचा लहानसा तुकडा साऱ्या शिवाराचे प्रतिनिधित्व करतो काय, या प्रश्नावर त्या गुणोत्तराची सारी भिस्त असते. एक आर आणि एक गुंठा सारखेच समजण्याच्या रूढीवरही लेखकांनी नेमके बोट ठेवले आहे: गुंठा हा आरापेक्षा शेकडा एकाहून किंचित मोठा, म्हणून चाळीस गुंठ्यांच्या एकराचे सुमारे ४०.४७ आर होतात, आणि वाटणीत चाळीस आर घेऊन एकर पुरा झाला असे मानणारा भाऊ जवळजवळ अर्धा गुंठा सोडून देतो.

एके ठिकाणी माझा लेखकांशी मतभेद आहे. तिरकस गुणाकाराची रीत त्यांनी पुस्तकात फार उशिरा येऊ दिली आहे, या भीतीने की ती हाती आली की विद्यार्थी विचार करणे सोडतो. भीती साधार आहे. पण ताळा पाहण्याचे इतके जलद साधन प्रौढ वाचकापासून, विशेषतः आपल्या बिलाची रुजुवात स्वतः करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यापासून, शंभर पाने दूर ठेवणे मला इष्ट वाटत नाही. अशा वाचकाने ते प्रकरण आधी वाचून मग मागे वळावे. शिक्षकांस मात्र लेखकांचाच क्रम मानवेल, आणि त्यांनी प्रत्येक प्रकरणातील आकडे तसेच न वापरता आपल्या गावच्या चालू हंगामाचे आकडे त्या जागी घालून घ्यावेत; लेखकांनी उदाहरणांखाली मोकळ्या ओळी राखल्या आहेत त्या त्यासाठीच.